खुणा वाचणारे रमाकांत कुलकर्णी

आजची गोष्ट जरा जड आहे. जवळ लहान लेकरं बसली असतील तर त्यांना अंगणात खेळायला पाठवा आणि मग निवांत ऐका.

आपल्या आजी-पणजीच्या काळात गावात चोरी झाली की सकाळी कोणाला बोलावणं जायचं? रामोशाला, नाहीतर जागल्याला. तो यायचा आणि आधी दारातल्या धुळीत बघायचा. पाऊल केवढं, टाच किती रुतली, माणूस लंगडतो का, डोक्यावर ओझं होतं का, हे सगळं त्याला त्या धुळीत दिसायचं. मग तो माग काढत निघायचा तो थेट गावाच्या शिवेपर्यंत. माग पलीकडच्या गावात शिरलाय हे दाखवून दिलं की पुढचं काम त्या गावाच्या राखणदाराचं. दाखवता आलं नाही तर भरपाई ह्याच्या गळ्यात. असा तो रिवाज होता.

आता तुम्ही म्हणाल, मातीवर माग निघतो, मुंबईच्या डांबरी रस्त्यावर कसा निघणार? तोच माग मुंबईत काढलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याबद्दल मी आज बोलणार आहे. त्यांचं नाव रमाकांत कुलकर्णी. पावलं उमटत नाहीत तिथे त्यांनी माणसाच्या वागण्याचा माग काढला. परदेशात ह्या कामाला आता 'क्रिमिनल प्रोफायलिंग' असं भारदस्त नाव आहे. भारदस्त म्हटलं तरी त्यातलं मूळ तुम्हाला रोजचंच आहे. टोपल्यातली भाकरी बघून ती सासूने थापली की धाकट्या जावेने, हे तुम्ही न बघता सांगता की नाही? काठ कसा आहे, मध्ये जाड आहे का, कुठे करपलीय, ह्यावरून हात ओळखू येतो. गुन्ह्याचंही तसंच असतं. कोणाला मारलं, कधी मारलं, कशाने मारलं, काय नेलं आणि काय नेलं नाही, ह्यात करणाऱ्याचा हात दिसतो.

कुलकर्णी मूळचे कारवार-अंकोला भागातले. १९५४ साली ते भारतीय पोलीस सेवेत आले आणि महाराष्ट्रात त्यांनी काम केलं. शेवटी राज्याचे पोलीस महासंचालक झाले. वर्तमानपत्रांनी त्यांना भारताचा शेरलॉक होम्स म्हटलं. मला काही हे नाव आवडत नाही. तो गोष्टीतला इंग्रज गुप्तहेर खुर्चीत बसून, पाईप ओढत कोडी सोडवायचा. कुलकर्ण्यांच्या हातात जी कामं आली त्यात मेलेली माणसं खरी होती, गरीब होती, आणि बऱ्याचदा त्यांच्यासाठी पोलिसांच्या दारात जाऊन बसणारंही कोणी नव्हतं.

१९६८ ची मुंबई डोळ्यांसमोर आणा. परळ, लालबाग, शिवडीत गिरण्यांचे भोंगे वाजतायत, तीन पाळ्यांत माणसं कामाला जातायत. सातारा-कोल्हापूरचे आणि कोकणातले आपले किती तरी पुरुष तिथे होते. एका खोलीत पंधरा-वीस जण राहायचे, एका पाळीचा माणूस उठला की त्याच्या वळकटीवर दुसऱ्या पाळीचा आडवा व्हायचा. बायको गावाकडे, मनिऑर्डर आणि पत्रावर संसार. उकाड्यात खोलीत जीव घुसमटला की गॅलरीत, गच्चीवर, फुटपाथवर पथारी पडायची. गिरगावातल्या चाळीतही तेच. आणि ज्यांना खोलीसुद्धा मिळाली नव्हती ते शहराच्या उत्तर टोकाला, मालाडकडे झोपड्या बांधून राहत होते. तेव्हा तो भाग म्हणजे अर्धं रान होतं.

त्या वर्षी उत्तरेकडच्या ह्या उपनगरांत झोपेत माणसं मारली जाऊ लागली. रात्री कोणीतरी यायचा, झोपलेल्याच्या डोक्यात बोथट, जड वस्तूने घाव घालायचा आणि निघून जायचा. मेलेली माणसं एकमेकांच्या ओळखीची नव्हती. त्यांच्यात भाऊबंदकी नाही, बाईवरून भांडण नाही, पैशाचा व्यवहार नाही. मारणाऱ्याने नेलेलं सामान म्हणावं तर कवडीमोलाचं. सगळी मुंबई हादरली. लोक रात्रभर काठ्या घेऊन वस्त्यांत गस्त घालू लागले. दक्षिणेकडे चाळींत झोपणाऱ्यांनी कड्या लावून घेतल्या. खोलीला कडी तरी होती. फुटपाथवरच्या माणसाने काय लावावं?

अशा वेळी अफवा वाऱ्यासारख्या सुटतात. तो माणूस नाहीच, दिसेनासा होतो, त्याला काही विद्या येते, असं लोक बोलू लागले. हे आपल्यालाही नवं नाही. आपल्या गावात पोरं पळवणारी टोळी आली अशी अफवा उठली की दाराशी आलेल्या भिक्षेकऱ्याचं काय होतं, ते आपण ऐकलंय, वाचलंय.

कुलकर्णी तेव्हा मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेचे उपायुक्त होते. कचेरी क्रॉफर्ड मार्केटजवळ, पोलीस आयुक्तांच्या आवारात. तपास त्यांनी हातात घेतला. एरवी खुनाचा तपास 'का' पासून सुरू होतो. कोणाचं वैर होतं, कोणाला फायदा झाला? इथे 'का' ला उत्तरच नव्हतं. मग हाती उरलं ते 'कसं'. झोपलेला माणूसच निवडतो. उघड्यावरचा, नाहीतर कच्च्या झोपडीतला, गरीब. डोक्यातच मारतो. रात्रीच मारतो. म्हणजे मारणारा त्याच जगात फिरणारा असणार. रानात, रुळांच्या कडेला, झोपड्यांच्या आसपास जो दिसला तरी कोणाला नवल वाटणार नाही असा, आणि बहुतेक एकटा.

आणि हा हात पोलिसांच्या कागदांत आधी येऊन गेला होता. १९६५-६६ मध्ये मध्य रेल्वेच्या मार्गालगत असेच हल्ले झाले होते. १९ जणांवर घाव पडले, त्यातले नऊ दगावले. तेव्हा त्या भागात घुटमळताना एका बेघर माणसाला पकडलंही होतं. दरोड्यासाठी पाच वर्षं तुरुंगात राहून आलेला माणूस. नाव रामन राघव. पण त्याला ओळखणारा साक्षीदार नाही, पुरावा नाही, म्हणून सोडून द्यावं लागलं. दोन वर्षं ती फाईल पडून राहिली. १९६८ चे घाव आणि १९६६ चे घाव शेजारी शेजारी ठेवले तेव्हा ती फाईल पुन्हा बाहेर आली. त्याचा फोटो आणि वर्णन पोलिसांच्या हाती गेलं. सिंधी दलवाई, तलवाई, अण्णा, तंबी, वेलुस्वामी, अशी त्याची नावं तरी किती. नाव माणसाला बदलता येतं, बोटाचा ठसा बदलता येत नाही.

ठशावरून एक सांगते, कारण आपल्या गटाच्या वहीत अजून काही जणी अंगठा उठवतात आणि लाजतात. बोटाच्या ठशावरून माणूस ओळखायचं पहिलं सरकारी केंद्र १८९७ साली आपल्या देशातच, कलकत्त्याला उघडलं. त्या ठशांची वर्गवारी कशी लावायची ह्याची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोन भारतीयांचा मोठा हात होता. नाव साहेबाचं झालं, ते सोडा. पण अंगठा म्हणजे अडाणीपणाची खूण, असं कोणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

२७ ऑगस्ट १९६८. उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो ह्यांनी डोंगरी-भेंडीबाजार भागात रस्त्याने चाललेल्या एका माणसाला वर्णनावरून ओळखलं आणि धरलं. गिरगावातून चालत अर्ध्या तासात पोचाल अशी ती जागा. शोध चालला होता उपनगरांतल्या रानात, आणि तो सापडला गजबजलेल्या दक्षिण मुंबईत. अंगावर खाकी अर्धी चड्डी आणि सदरा, त्यावर रक्ताचे डाग. जवळच्या सामानात चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. बोटांचे ठसे जुन्या फाईलमधल्या ठशांशी जुळले. ज्याला लोक अदृश्य म्हणत होते तो हा असा, लसूण आणि चहापूड बाळगणारा माणूस निघाला.

पण तो तोंड उघडेना. प्रश्न विचारावेत तर नुसता बघत बसायचा. शेवटी त्याला काय हवं ते विचारलं. तो म्हणाला, कोंबडी. कोंबडीचं जेवण दिलं. ते खाऊन झाल्यावर आणखी हवी म्हणाला. तेल, कंगवा आणि आरसा मागितला. डोक्याला तेल लावलं, भांग पाडला, आणि मग बोलायला लागला. लपवून ठेवलेली लोखंडी सळई त्याने स्वतः पोलिसांना नेऊन दाखवली. हा प्रसंग सांगताना लोक हसतात. मला मात्र त्यातलं दुसरं काही महत्त्वाचं वाटतं. समोरचा माणूस कोणत्या गोष्टीने उघडेल हे ओळखायला त्याच्याकडे नीट बघावं लागतं.

खटला उभा राहिला तो मालाडच्या झोपडीत झोपलेल्या दोघांच्या खुनाचा. आणि आता प्रश्न आला की हा माणूस शुद्धीवर आहे का? पोलीस सर्जनने त्याला तपासलं आणि सांगितलं, ह्याला वेड नाही. बचावाच्या बाजूने मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ साक्षीला उभे राहिले. ते म्हणाले, ह्याला स्किझोफ्रेनिया आहे, आणि तो बऱ्याच वर्षांपासून आहे. आपण माणूस मारतोय हे त्याला कळतं, पण हे कायद्याविरुद्ध आहे हे त्याला कळत नाही. कोर्टाने फाशी सुनावली. त्याने अपीलही केलं नाही. पण फाशीवर शिक्कामोर्तब करण्याआधी उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला सांगितलं. ते डॉक्टर त्याच्याशी पुन्हा पुन्हा, तास तास बोलले. त्याच्या डोक्यात दोन जगं होती. एक कायद्याचं, आणि एक तो राहतो ते. लोक आपल्याला बाई बनवायला बघतायत अशी त्याची पक्की समजूत होती. सरकारनेच आपल्याला मुंबईत आणलं, असं तो म्हणायचा. हे ऐकून त्यांनीही तोच निदानाचा शब्द लिहिला. पुढे फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. तो पुण्याला येरवड्यात राहिला आणि १९९५ साली ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या आजाराने वारला.

कायद्यातलं ते कलम आजही आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत ८४ नंबरचं होतं, आता भारतीय न्याय संहितेत २२ नंबरचं आहे. मन ठिकाणावर नसल्यामुळे आपण करतोय ते काय आहे, किंवा ते चूक आहे हेच ज्याला कळत नाही, त्याला गुन्हेगार धरत नाहीत. एक मात्र लक्षात घ्या. हा आजार असलेली बहुतेक माणसं कोणाला काही करत नाहीत. उलट त्यांनाच मार बसतो, त्यांनाच साखळी लागते. आपल्या भावकीत असं कोणी असेल तर मांत्रिकाकडे नेण्याआधी १४४१६ हा टेलिमानसचा फोन लावा. फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

थोडं परदेशात डोकावून येऊ. अमेरिकेच्या एफबीआय ह्या तपास खात्याने गुन्हेगाराच्या वागण्याचा अभ्यास करणारी वेगळी शाखा १९७२ साली उघडली, म्हणजे मुंबईच्या त्या अटकेनंतर चार वर्षांनी. सिनेमात ह्या शाखेचे कोटवाले पुरुषच दिसतात. पण त्यांच्या कामाला शिस्त लावली ती अ‍ॅन बर्जेस ह्या मानसिक आजारांच्या परिचारिकेने. आपण ज्यांना नर्सबाई म्हणतो ना, त्या. त्यांनी आधी लिंडा होल्मस्ट्रॉम ह्यांच्यासोबत बोस्टनच्या सरकारी दवाखान्यात, बलात्कार झाला म्हणून आलेल्या १४६ जणींशी आणि मुलांशी बोलून ठेवलं होतं. १९७४ साली ते छापून आलं. पुढे त्या खात्याने त्यांना बोलावलं, आणि लैंगिक अत्याचारातून खून करणाऱ्या ३६ कैद्यांच्या मुलाखतींचा अभ्यास कसा मांडायचा ते त्यांनी बसवून दिलं. बर्जेस बाईंनी लिहिलेली एक गोष्ट मला आपल्या प्रत्येक पोलीस पाटलाला वाचून दाखवावीशी वाटते. काही बाया रडतात, थरथरतात. काही अगदी शांत बसतात, एका सुरात बोलतात. दोघींवरही तेवढंच बेतलेलं असतं. 'रडली सुद्धा नाही, म्हणजे खोटं बोलते' हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय!

आता आपल्या मराठवाड्यात या. हा भाग मला जास्त जवळचा वाटतो.

१९७२ चा दुष्काळ. रोजगाराच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायांच्या पिढीला तो विसरता येणार नाही. त्याच साली नोव्हेंबरात परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावी एका लहान मुलीचं प्रेत सापडलं. महिन्याभरात दुसरं. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४, ह्या चौदा महिन्यांत तिथे दहा खून झाले. दहाच्या दहा मुली आणि बायका. पाच जणी दहा वर्षांच्या आसपासच्या, एक दीड वर्षाचं तान्हं, आणि चार जणी पस्तिशीतल्या. शेवटच्या दिवशी एक आई आणि तिच्या दोन लेकी एकदमच गेल्या. विचार करा, वर्ष उलटून गेलं तरी त्या गावच्या आया पोरींना रानात, पाण्याला, सरपणाला पाठवतच होत्या, कारण दुष्काळात न पाठवून भागणारं नव्हतं.

स्थानिक पोलिसांना धागा सापडेना. तेव्हा मुंबईहून कुलकर्णी आणि त्यांची माणसं मानवतला आली.

मुंबईच्या आणि इथल्या खुनांत फरक काय, हे बघण्यासारखं आहे. मुंबईत घाव घालणाऱ्याला त्या माणसाचं काहीच नको होतं. इथे प्रेतांवर ज्या जखमा होत्या त्या सांगत होत्या की मारणाऱ्याला मारण्यापलीकडे काहीतरी हवं होतं. रक्त हवं होतं. लहान, पाळी न आलेल्या मुलींचं हवं होतं. असलं काही एकट्या वेड्याच्या मनातून निघत नाही. त्यामागे सांगणारा कोणी असतो, पैसा देणारा कोणी असतो आणि हात चालवणारे वेगळे असतात. सरकार पक्षाने कोर्टात मांडलं ते असं की एका वाड्यातल्या पिंपळाखाली धन पुरलंय, तिथल्या मुंजाला कुवार मुलीचं रक्त दिलं की ते मिळेल आणि मूलही होईल, असं मांत्रिकाने सांगितलं होतं. त्यावरून हे सगळं घडलं.

म्हणजे बघा. मुंबईत सगळे म्हणत होते की हे भुताखेताचं काम आहे, आणि निघाला एक आजारी माणूस. मानवतला भुताच्या नावाने चाललं होतं, आणि त्यात आजारी कोणीच नव्हतं. बाजारहाट करणारी, शेतीवाडी सांभाळणारी, चारचौघांसारखी माणसं कोर्टात उभी राहिली. मला विचाराल तर मला दुसऱ्याचीच भीती जास्त वाटते.

खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७७ साली निकाल लागला. ज्यांच्या सांगण्यावरून सगळं घडलं असं सरकार पक्षाचं म्हणणं होतं, ते दोघं शेवटी निर्दोष सुटले. ह्यावर लोक चिडतात, आणि गावात अजून त्यावर वाद होतात. पण निकाल का तसा लागला ते समजून घ्यायला हवं. पुरावा मोठ्या प्रमाणात माफीच्या साक्षीदारांवर उभा होता. म्हणजे जे स्वतः गुन्ह्यात होते आणि माफीच्या बदल्यात बोलले. न्यायालय म्हणालं, अशा माणसाच्या एकट्याच्या शब्दावर कोणाला अडकवू नये, त्याला दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याचा टेकू हवा, आणि तो प्रत्येक आरोपीसाठी वेगळा हवा. त्याच निकालात पोलिसांनाही कानपिचकी आहे. गुन्हा उघडकीला आणायच्या भरात हात उगारायचा मोह पोलिसांना होतो, तो अंकुरातच खुडला पाहिजे, अशा अर्थाचं न्यायमूर्तींनी लिहिलंय. इतक्या गाजलेल्या तपासाच्या निकालात हे लिहिलंय, ते कुलकर्ण्यांचं कौतुक करतानाही झाकून ठेवू नये असं मला वाटतं. खुणा वाचणं हे तपासाचं पहिलं काम. पुढे कोर्टात पुरावा उभा राहिला नाही तर वाचलेलं कितीही बरोबर असो, ते तिथेच थांबतं.

आणखी एक गोष्ट ह्या विषयातून सुटता कामा नये. सुरुवातीला मी रामोशाचं सांगितलं. चोराचा माग काढून देणारा तो माणूस. इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा केला आणि पुढे एकेक करून कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. पारधी, कैकाडी, भामटा ही नावं त्यात होती, आणि ज्याच्या भरवशावर गाव झोपायचं तो रामोशीही त्यातच गेला. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तर तारेचं कुंपण घालून वसाहत केली होती. १९५२ साली ते शिक्के पुसले, म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. कागदावरचा शिक्का पुसला. पण अजून चोरी झाली की पहिली धाड कुठल्या पालावर पडते, हे मी सांगायला नको. इथे कोणी गुन्हा बघून माणूस शोधत नाही, जात बघून गुन्हा चिकटवतात. मानवतच्या खटल्यातही पारधी समाजातली माणसं आरोपी होती, आणि लोकांच्या बोलण्यात ती जात आधी येते, पुरावा मागून येतो. घरात जनावर मेलं म्हणून गल्लीतल्या विधवेने करणी केली म्हणायचं, तेही ह्याच जातीचं काम.

कुलकर्णी निवृत्त झाल्यावर इंग्रजीत पुस्तकं लिहू लागले. 'फूटप्रिंट्स ऑन द सँड्स ऑफ क्राइम' हे त्यातलं एक. नावातच वाळूवरची पावलं आहेत बघा, आपल्या जागल्याची आठवण येते. त्यावरून २०२४ साली मराठीत 'मानवत मर्डर्स' नावाची मालिका आली. आशुतोष गोवारीकर त्यात कुलकर्णी झाले आहेत. मोबाईलवर बऱ्याच जणींनी पाहिली असेल. पाहिली नसेल तर रात्री एकट्याने पाहू नका आणि पोरींना दाखवू नका, एवढं सांगते.

मालिका संपली तरी पुरलेलं धन काढून देणारे संपलेले नाहीत. अमावास्येला लिंबू-नारळ घेऊन रानात बसलेली माणसं धरली, अशी बातमी अधूनमधून येतेच. आता त्यावर कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी कितीतरी वर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा मंजूर झाला. आपण त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो. गुप्तधनासाठी नरबळी, अघोरी विधी, भूत उतरवतो म्हणून मारहाण, एखादीला चेटकीण ठरवून छळणं, हे सगळं त्यात येतं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाची वाट न बघता कारवाई करता येते, आणि अजामीनपात्रही आहे.

ह्या कायद्यासाठी दक्षता अधिकारी नेमलेले असतात, आणि ते पोलीस निरीक्षकाच्या हुद्द्याचे असतात. ठाण्यात गेलात तर त्यांचंच नाव विचारा. अंगावर काही बेतत असेल तर तिथे जायची वाट बघू नका, ११२ लावा. एरवी दोघी-तिघी मिळून जा. काय पाहिलं, कोणत्या दिवशी, कुठे, कोण होतं, एवढं आधी कागदावर लिहून न्या. कोणाची जात, कोणावरचा राग, गल्लीत काय बोलतात, हे त्यात घालू नका. फक्त दिसलं ते. अर्जाच्या दोन प्रती करा, आणि एकीवर शिक्का मारून पोच मिळेपर्यंत बाकावरून उठू नका.